शेवटच्या कडव्यातलं नाव

जानेफळ, रविवार दुपार

प्रिय नागसेन,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र एक-दोन दिवस तरी तसंच पडू देशील, हे मला माहीत आहे. घाबरू नकोस. वकिलाचं पत्र पोचपावती जोडून येतं; हे बिनपावतीचं आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, आणि निळ्या खुणांशी माणसाने किती वाद घालावा? म्हणून कागद घेतला.

आधी बातमी सांगते. मी पुन्हा शिकायला लागले आहे. बौद्धिक संपदा कायद्यातली पदव्युत्तर पदवी, तीही दूरशिक्षणाने. हे वाक्य मी मेहकर कोर्टाच्या बाररूममध्ये उच्चारलं तेव्हा सगळ्यांचे चहाचे कप हातातच थांबले. भगवानराव वकील, ज्यांच्या हाताखाली मी काम करते, ते चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, इथं लोक शेजाऱ्याच्या वावराचे धुरे कोरतात, नाल्या बुजवतात, चेक परत पाठवतात. डोक्यातली कल्पना चोरून राह्यलं कोण? जज्जची परीक्षा द्या, गाडी भेटते, शिपाई भेटते." त्यानंतर आठवडाभर जो येईल तो मला बोरवेलचं पेटंट कसं काढायचं ते विचारत होता. घरी आई म्हणाली, "डिगरी पोस्टानं येते, तं मंग नवराही पोस्टानंच बोलावजो." हे तुला उद्देशून होतं, असं मी म्हणणार नाही. पण म्हणताना तिने भिंतीवरच्या तुझ्या बेंजोकडे पाहिलं होतं.

कोर्स निवडणं हे कोर्स करण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका विद्यापीठाच्या वेबसाइटवर अभ्यासक्रम होता, पण हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली की तो बंद झाला. दुसऱ्या दिवशी दुसरी म्हणाली की चालू आहे, मात्र अर्जाची तारीख गेली. एके ठिकाणी पदवी म्हणून पान उघडलं आणि फी भरायच्या आधी बारीक अक्षरांत कळलं की ती पदविका आहे. एका परदेशी विद्यापीठाचं माहितीपत्रक फार देखणं होतं. प्रत्येक पानावर हिरवळ, हिरवळीवर बसून हसणारी मुलं. दूरशिक्षणाच्या पुस्तकात हिरवळ कशाला हवी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि फीचा आकडा वाचल्यावर कळून घ्यायची इच्छाही उरली नाही. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते: ही पदवी घेऊन मला पुढे शिकवता येईल का? कोणी म्हणालं नक्की येईल, कोणी म्हणालं आमच्या साहेबांना विचारा, साहेब जेवायला गेलेले असायचे. शेवटी मी जी निवडली, ती एकाच कारणासाठी. त्यांच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं की ही पदवी एल.एल.एम. समजली जाणार नाही आणि हिच्यावर प्राध्यापकाची नोकरी मागू नये. एवढ्या सगळ्यांत तेवढेच खरं बोलले. पुस्तकं घरी येतात, रविवारी तास ऑनलाइन असतात, परीक्षेला नागपूरला जावं लागेल. आमच्या गल्लीत नेटवर्क जातं, मग मी मोबाइल घेऊन विहाराच्या पायरीवर जाऊन बसते. प्राध्यापक बाई दिल्लीहून 'मूळ निर्मात्याचे हक्क' शिकवतात आणि शेजारी बायका डाळ वाळवत बसलेल्या असतात.

नागपूरला किंवा बंगळुरूला जाऊन वर्गात बसून शिकावं असं मलाही वाटत होतं. नागपूरला जागा मिळतही होती. पण आबांना गेल्या पावसाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला. बोलतात, पण एकेक शब्द विटेसारखा उचलून ठेवावा लागतो. ज्या माणसाने दिवसा गवंडीकाम करून रात्री चार गावांना पेटीवर जागवलं, त्याला आता पेटीच्या भात्यापर्यंत हात नेता येत नाही. आई एकटीने त्यांना उठवू शकत नाही. म्हणून वर्ग माझ्याकडे आला, मी वर्गाकडे गेले नाही. तुला ही बातमी ढोलकीवाल्या गणेशने सांगितली असणारच. वाजवणारे एकमेकांना सगळं सांगतात. तरी तुझा फोन आला नाही.

आता तू म्हणशील, वकिली चालू आहे, घरी आजारपण आहे, मग हा कायदा काऊन? नागसेन, तुला खरंच कळलं नसेल तर सांगते.

मी पहिलीत गेले त्या वर्षी आबांनी ते गाणं बांधलं. आईने कुणाशी तरी भांडण झाल्याच्या रागात माझ्या पाटीवर पाण्याचा हात फिरवला होता, आणि मी गिरवलेला 'भ' गेला म्हणून मी दिवसभर जेवले नव्हते. संध्याकाळी आबा कामावरून आले, हातावरचं सिमेंटही धुतलं नव्हतं, आणि दारातच गुणगुणायला लागले:

पाटी लेकीची पुसू नका गं,
भीमाचं पहिलं अक्षर हाय.

जानेफळपासून मेहकरपर्यंत, पुढे लोणार, चिखलीपर्यंत ज्या गावात आबांची भीमगीतांची पार्टी गेली त्या गावात हे गाणं झाल्याशिवाय लोक उठायचे नाहीत. तूही कॉलेजात असताना ते ऐकूनच पार्टीत आलास. आबांनी तुला बेंजो कसा धरायचा ते शिकवलं, शब्द कुठे तोडायचा आणि कुठे तोडायचा नाही ते शिकवलं. आणि शेवटचं कडवं कधी गाळायचं नाही, हेही शिकवलं. वेळ कमी असेल तर मधलं कडवं सोड, पण शेवटचं नाही, कारण त्यात गाणं बांधणाऱ्याचं नाव असतं. तेव्हा तू माझ्याकडे पाहून हसला होतास. पुढची चार वर्षं आपण दोघं आमच्याच ओट्यावर बसून काय काय ठरवत होतो, ते मी लिहीत नाही. तू नाशिकला गेलास तेव्हा सांगून गेलास की स्टुडिओत थोडा जम बसला की आई-वडिलांना घेऊन येतो. आई-वडील आले नाहीत. गाणं आलं.

ते मी पहिल्यांदा गेल्या जयंतीला ऐकलं. मिरवणूक आमच्या दारावरून चालली होती, डीजेच्या गाडीवर तुझा आवाज होता, आणि पोरं नाचत होती. आबा तेव्हा धडधाकट होते, ओट्यावर पांढरा सदरा घालून बसले होते. पहिलं कडवं, दुसरं कडवं, सगळं जसंच्या तसं. मी हसत होते, खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. मग शेवटचं कडवं आलं. आबांची ओळ तुला पाठ आहे: माणिक सांगे जानेफळचा, लेक शिकवा आधी. तू गायलास: नागसेन सांगे साऱ्या जगाला, लेक शिकवा आधी. तुझं नाव मोठं आहे, ते बसवायला तुला आमच्या गावाचंही नाव काढावं लागलं.

मी आबांकडे पाहिलं. ते मांडीवर बोटं वाजवत होते. म्हणाले, "ताल बरा धरला पोरानं." आई आतून बाहेर आली, हात पिठाचे, आणि म्हणाली, "त्यानं नाव पुसलं अन् तुम्ही ताल मोजून राह्यले."  रात्री आबा जेवले मात्र कमी.

मी दुसऱ्याच दिवशी वकीलपत्र टाइप केलं. आबांनी फक्त सही करायची होती. दावा बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात लागला असता. वादी जिथे राहतो तिथे लावता येतो, तू नाशिकला असलास तरी. आबांनी कागद हातात घेतला, वाचला, माझ्या टायपिंगमधली एक चूक दाखवली आणि परत दिला. म्हणाले, "गानं का वावर हाय बाई? धुरा कोरला म्हून कोर्टात जाले?" मी म्हणाले, आबा, वावरापेक्षा मोठं आहे. तर म्हणाले, "लेकरू हाय आपलं. त्याले कोर्टाच्या पायरीवर उभं करू मी?" मी चिडले, रडले, कायदा वाचून दाखवला. त्यांचं एकच: "मी सही करत नाई." कायदा माझ्या बाजूने आहे, नागसेन, आबा नाहीत. आणि निर्माता जिवंत असताना त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या मुलीला काहीही करता येत नाही. पक्षकाराने ऐकलं नाही तर वकील चरफडतो. इथे पक्षकार माझ्याच घरात राहतो आणि रोज मला विचारतो, जेवलीस का.

तू एकदाच उत्तर दिलं होतंस. लिहिलं होतंस, "मंजू, मी गायलो म्हणून गाणं लाखो लोकांपर्यंत पोचलं, नाहीतर मेहकर तालुक्यातच राहिलं असतं." हे मी कितीतरी वेळा वाचलं. राग येतो तो यासाठी की त्यातला अर्धा भाग खरा आहे. तू छान गायला आहेस. ज्या पोरींनी आबांचं नाव कधी ऐकलं नाही त्या तुझ्यामुळे ते गाणं गुणगुणतात. पण पोस्टमन माझी पुस्तकं दारापर्यंत आणतो, तो त्या पुस्तकांवर स्वतःचं नाव घालत नाही. तुझ्या नावाने तू दुसरी शंभर गाणी गा, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. पार्ट्यांमध्ये हे चालतं, सगळेच शेवटचं कडवं बदलतात, असंही तू म्हणशील. चालतं. आबांच्या पार्टीत चालत नव्हतं, आणि तू त्या पार्टीतला आहेस.

म्हणून मी हा कायदा निवडला. भगवानरावांना सांगितलं की पुढे बचत गटांच्या मसाल्यांचे, लोणच्यांचे ट्रेडमार्क काढून देईन. तेही करीन. पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटत होतं, पुरेसा अभ्यास केला तर कुठेतरी एखादं कलम सापडेल, ज्याला आबांची सही लागत नाही.

ते कलम सापडलं. पुस्तकांच्या पहिल्याच गठ्ठ्यात होतं. निर्मात्याने गाणं विकलं, वाटलं, कुणाला देऊन टाकलं, तरी ते आपलं आहे हे सांगायचा हक्क त्याच्याकडेच राहतो, कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि त्याच्यानंतर तो हक्क त्याचे वारस बजावू शकतात. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. म्हटलं, मिळालं. मग वर पाहिलं तर आबा समोर बाजेवर झोपले होते, तोंड थोडं उघडं, डावा हात छातीवर, आणि मला कळलं की मी कशाखाली रेघ मारली आहे. जो दावा लावायला मी एवढी धडपडते आहे, तो हा माणूस बाजेवरून उठून गेल्यावरच लागणार आहे. मी परीक्षेची तयारी करते आहे की त्यांच्या जाण्याची, हेच मला समजेना. रेघ खोडली. खोडल्याने कागद फाटला तेवढा.

गेल्या आठवड्यात त्यांना बुलढाण्याला दाखवायला नेलं होतं. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. काय सांगितलं ते मी घरी सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहीत नाही. तू समजून घे. परत येताना आबा बसमध्ये खिडकीशी बसून तुझंच गाणं गुणगुणत होते, म्हणजे त्यांचंच. सूर लागत नव्हता, शब्द अडखळत होते. शेवटच्या कडव्यापाशी आले आणि थांबले. मला वाटलं शब्द सुचत नसेल. मी हळूच म्हटलं, माणिक सांगे. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "आता... तसं नाई गात... लोक." नागसेन, त्यांनी स्वतःच स्वतःचं नाव गाळलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मला नोटीस द्यायची नाही, दावा नको, तुझ्या चॅनेलवर गाण्याखाली लावलेलं तुझं नाव काढायला नंतर सवडीने बसू. येत्या जयंतीला ये. विहारासमोर स्टेज असतं, आबांची खुर्ची पहिल्या रांगेत असेल. ते गाणं गा, आणि शेवटचं कडवं त्यांनी बांधलं तसं गा, गावाच्या नावासकट, त्यांना ऐकू येतंय तोवर. ते फार काही म्हणणार नाहीत. ताल बरा धरला म्हणतील, तेवढ्यावर भागव. बेंजो आणू नकोस. तुझा जुना भिंतीवरच आहे. आई अजून तुझं नाव घेतलं की तोंड फिरवते, पण काल तिने तो खाली उतरवला, पदराने पुसला आणि तारा बघायला गणेशकडे पाठवला.

'तुझीच' लिहायची सवय मोडली आहे, म्हणून आहे तेच लिहिते,

माणिकची मंजुश्री, जानेफळची