ला पेर्लाच्या किनाऱ्यावरच्या टाळ्या

प्रिय नेलिदा,

आधी हे सांगतो, बाबा मजेत आहेत. भाड्याची छत्री परवडेना, म्हणून घरची चादर अंथरून तू बांधून दिलेले पाव खाल्ले. तुझा गुडघा कसा आहे?

काल मी चहाचं गरम पाणी आणायला गेलो. परत येतो तर चादर रिकामी. तेवढ्यात लांबून टाळ्या ऐकू आल्या. हरवलेलं मूल सापडलं, की आईबापांना कळावं म्हणून इथे सगळे टाळ्या वाजवतात. मी तिकडे धावलो.

गर्दीच्या मधोमध बाबा.

आइस्क्रीमवाला बाबांकडे बोट दाखवत मला म्हणाला, "लेकराला असं एकटं सोडतात का हो?"

बाबा सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, "कुणाचं तरी पोर हरवलंय रे. वाजव तूही."

मीही वाजवल्या.

आता त्यांचा हात सोडत नाही.

तुझा दादा,
ओस्वाल्दो