स्वयंपाकघरातला आवाज

३ ऑगस्ट

सापडली! टीव्ही केंद्रातून फोन — "साहेब, तुमची ती भुताची टेलिफिल्म पुसली गेलेली नाही. खालच्या कपाटात होती." पुसली नाही म्हणे! उपकारच केले. जुन्या टेपा पुसून त्यांवर बातम्या भरणाऱ्यांना मी गेल्या सभेत ग्रंथ जाळणाऱ्यांच्या रांगेत बसवलं होतं. लागलं असेल.

सोळा तारखेला फिल्म क्लबात दाखवायची. आधी मी बोलायचं. क्लबाला सांगितलं, उपेक्षित कलाकृती आहे. आहेच. पण खरं कारण फक्त इथे — आई जाऊन वर्ष झालं. माझ्या भाषणांच्या टेपा कपाटभर, आणि तिचा एक शब्द कुठे नाही. या फिल्ममध्ये तिची किंकाळी आहे. तेवढीच.

४ ऑगस्ट

आई केंद्रात टायपिस्ट होती. नटीला किंकाळी जमेना, म्हणून दिग्दर्शकांनी आईला माइकपुढे उभं केलं — तिनेच सांगितलेलं. घरात कधी आवाज न चढवणारी बाई! आम्ही शाळाभर मिरवलं होतं.

ताईला फोन केला.

"भोंग्या, आईची आठवण म्हणून किंकाळी ऐकायची? मी नाही येणार."

"दुसरं काय आहे आपल्याकडे?"

मग — "आणि तू काय पाहणार? टीव्हीवर लागली तेव्हा तर पलंगाखाली होतास."

धादांत खोटं! टेबलाखाली होतो.

९ ऑगस्ट

भाषणाची टिपणं काढतोय. तेव्हा एका वर्तमानपत्रानं दोन ओळींत निकाल लावला होता — सेटच्या भिंती हलतात. हलतात ना! पण भीती भिंतींत नव्हतीच. माणूस कामावरून रिकाम्या घरी येतो, दिवा लावतो, आणि स्वयंपाकघरातून आवाज — "आलास?" बस. ना रक्त, ना सुळे. पुढे मी भयकथांची कपाटंच्या कपाटं वाचली. या एका शब्दानं जे केलं ते कुणाला जमलं नाही. हे ठणकावून सांगायचं!

त्यानंतर मी घरात एकटा शिरेनासा झालो. तेव्हापासून आई दाराशी येऊन उभी राहायला लागली. रोज. माझे केस पांढरे झाले, तरी सभेहून परतलो की ही गुडघे धरत दारात हजर. ताई चिडायची, "अगं, किल्ली आहे त्याच्याकडे! बस की जागेवर!"

"त्याला मी दिसले पाहिजे," आई म्हणायची. आणखी काही नाही.

१३ ऑगस्ट

घसा बसलाय. ऐन वेळी! मिठाच्या गुळण्या.

१६ ऑगस्ट

निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ताई आली! माझ्या शेजारी बसली, वर म्हणाली, "तुझं भाषण ऐकायला नाही आले हं."

फाटक्या घशानं बोललो. बरं झालं असावं. मग अंधार. भिंती हलल्या, लोक खिदळले. आणि — "आलास?" जाड, ओढलेला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. खिदळणारे चिडीचूप. मी पाय खुर्चीवर ओढून घेतले, तेव्हा टेबलाखाली घेतले होते तसेच. केवढा आनंद झाला!

शेवटी किंकाळी.

ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. "ही आई नाही."

नव्हतीच. नटीचीच होती. वर्षभर जिची वाट पाहिली ती किंकाळी परक्या बाईची निघाली. दिवे लागले, लोक हात मिळवायला आले. कुणाशी काय बोललो, आठवत नाही.

१७ ऑगस्ट

आई खोटं बोलली? आई?

१८ ऑगस्ट

दिग्दर्शकांना फोन. फार थकलेत, पण हसले. "किंकाळी? छे हो! बाईंना हसूच आवरेना. शेवटी नटीकडूनच करून घेतली. तुमच्या आईंचं ते 'आलास?'. आम्ही टेप हळू फिरवली. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, अहो, हे मी रोज आतून माझ्या पोराला म्हणते! आता तो घरात पाऊल ठेवायचा नाही. त्याला मात्र सांगू नका."

फोन ठेवला. दाराकडे बघत बसलो.

१९ ऑगस्ट

भाचीनं मोबाइलवर तेवढा तुकडा घेऊन त्याचा वेग पूर्ववत केला. मला ऐकू देईना. ताई म्हणाली, "आधी बाहेर जाऊन ये."

चपला घातल्या. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. दार उघडं, दारात कुणी नाही.

"आलास?"

आलो गं.