सातवी नस, डावी बाजू

१८ एप्रिल १९५४
सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट पदरावर! आरसा बघितला — तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटतच नाही. मंगलाआत्या किंचाळली, "अय्यो, पक्षवात!" अप्पांनी तर निकालच दिला — "तुज मद्रासेस धाडिलें, मेलेल्यांचे मेंदू हाताळूं दिले, तेंच भोवलें."

भोवलं म्हणे! पण खोटं कशाला लिहू — क्षणभर मलाही पक्षवातच वाटला. मग भिवया वर चढवून बघितल्या. उजव्या कपाळाला आठ्या, डावं सपाट. जिवात जीव आला! बिघाड मेंदूत असता तर कपाळ वाचलं असतं. त्याला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम येतो. म्हणजे मेंदू शाबूत आहे. सुजली असणार ती मेंदूतून चेहऱ्याकडे जाणारी सातवी नस. महिन्या-दोन महिन्यांत बहुधा बरी होते.

ह्याच नसेवर मार्चच्या तोंडी परीक्षेत मी मुक्यासारखी उभी राहिले. नापास! जूनमध्ये पुन्हा बसायचं होतं. अप्पा म्हणाले, पुरे झालं डॉक्टर होणं — आणि मद्रासच्या वाटेवरल्या आडुतुरैच्या जानकीरामशी माझं लग्न ठरवून मोकळे झाले.

१९ एप्रिल
जिभेच्या डाव्या टोकाला मीठ लावलं. काही नाही. मागच्या बाजूला लावलं — लागलं! मागची चव नवव्या नसेची, पुढची सातवीची. देवळातलं नादस्वरम डाव्या कानात नुसतं ठणाणतंय. तेही हिचंच काम — कानातला आवाज आवरणारा इवलासा स्नायू हिच्याच ताब्यात. पाचदा वाचून डोक्यात शिरत नव्हतं ते पान आता तोंडावरच छापलंय. विचारा म्हणावं आता!

२३ एप्रिल
आडुतुरैची मंडळी आली. जानकीरामची आई माझ्याकडे एकदा बघून अप्पांना म्हणाली, "सुंदरराव, हा मेंदूचा रोग. पोराबाळांत उतरेल." अप्पांची मान खाली. मला राहवेना. सगळ्यांसमोर कपाळ दाखवलं, म्हटलं, "मेंदू ठणठणीत आहे. आजारी आहे ती सातवी नस." आत्याने दंडाला चिमटा काढला. मंडळी कॉफी न घेताच उठली.

अप्पा जेवले नाहीत. मी गाल बोटाने दाबून दोनदा दहीभात घेतला.

२४ एप्रिल
लग्न मोडलं. बरं झालं!

२ मे
अप्पा म्हणाले, "आतां तुज कोण करणार? जा, शीक. पोटापुरतें तरी मिळवशील." एकोणतीस मेचं मद्रासचं तिकीट!

लागलं मला ते. फार लागलं. तोंड सरळ होतं तेव्हा का नाही जाऊ दिलंत, असं विचारणार होते. तिकीट हातात येईपर्यंत गप्प बसायचं ठरवलंय. नंतर विचारीनच.

२० मे
डाव्या कपाळाला एक आठी पडली! डोळाही मिटतो.

आणि नेमकं आजच आडुतुरैचं पत्र — तोंड सरळ झालं असल्यास आमची अजून ना नाही, अठ्ठावीसला बघून जातो. अप्पा चष्मा पुसून माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी पाणी प्यायले आणि मुद्दाम डावीकडून सांडलं.

हो, फसवलं! ते मला भातासारखं पारखायला येणार, आणि मी खरं बोलायचं? नाही बोलत जा.

२७ मे
आठवडाभर वाकडं तोंड करून उजवा गाल ठणकतोय. उद्या ती मंडळी येणार.

संध्याकाळी आई रोजच्यासारखी गालाला तेल चोळत होती. लग्न ठरलं, मोडलं — एका शब्दाने बोलली नव्हती ती. आज खाली बघतच म्हणाली, "आठ दिवस जाहले, बोटांस कळतें मज."

तिचा हात थांबला नाही.

"परवां गाडीने आडुतुरै मागें टाकेपर्यंत हसूं नकोस."