सेफाकोरबाईंचे नाव आबिजानच्या अहवालातून काढणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी, श्री. ओकाई लारबी,
सीमापार व्यापार मार्गदर्शन कक्ष,
अक्रा, घाना.

अर्जदार : चोर्कोर किनारा महिला मासळी व चटणी उत्पादक संघ, तर्फे अध्यक्षा.

विषय : आबिजान बाजारपेठ पाहणी अहवालावरून श्रीमती सेफाकोर अग्बेनू यांचे नाव व सही काढून टाकणेबाबत, तसेच आमच्या नावे होणाऱ्या नव्या पाहणीस हरकत असलेबाबत.

संदर्भ : आपले दि. २१ ऑगस्टचे 'अपयशातून शिकूया' या मथळ्याचे पत्र.

महोदय,

उपरोक्त पत्र आमच्या संघास मिळाले. मासळी धुरावण्याच्या भट्ट्यांशेजारच्या शेडमध्ये ते सर्वांसमक्ष मोठ्याने वाचण्यात आले.  

सदर पत्रात आपण लिहिता की, आबिजानला पाठवलेला आमच्या शितो चटणीचा माल सदोष पाहणीमुळे वाया गेला, ती पाहणी श्रीमती अग्बेनू यांनी केली होती, आणि आता कक्षाचे तज्ज्ञ पथक तिकडे जाऊन नव्याने पाहणी करील. माल वाया गेला हे खरे. पाहणी सेफाकोरबाईंनी केली हेही खरे. ही दोन खरी वाक्ये शेजारी ठेवून आपण जे धडधडीत खोटे उभे केले आहे, त्याबद्दल हा अर्ज आहे.

अर्ज बाईंनी स्वतः लिहावा असे आम्ही सुचवले होते. त्या म्हणाल्या, "शाळेत ज्याच्या वह्या तपासल्या त्याच्यापुढे मी अर्ज घेऊन उभी राहणार नाही. तुम्हाला राहायचं तर राहा." म्हणून आम्ही उभ्या आहोत.

१. सीमेपलीकडे, फ्रेंच बोलणाऱ्या आबिजानला चटणी विकायची कल्पना आमची होती. त्यासाठी आधी तिकडच्या व्यापाराची परिस्थिती पाहून या, असा आग्रह आपला होता. तो आग्रह योग्यच होता, हे आजही मान्य करतो. परक्या गावात मुलगी द्यायची तर माणूस चौकशी करतो, मग माल द्यायचा तर करू नये का? बाईंनी शाळेत व्यापारशास्त्र शिकवलेले, त्यांना फ्रेंच येते आणि त्या आमच्या संघाच्या सल्लागार. तेव्हा जानेवारीत त्या बसने आबिजानला गेल्या.

तिथे त्या हॉटेलात उतरल्या नाहीत. आजामे बाजारात मासांजे बाम्बा नावाच्या व्यापारीण बाई आहेत. मसाले, सुकी मासळी आणि तिखट यांच्या ओळीत त्यांचा शब्द चालतो. सेफाकोरबाईंनी आमच्या काळ्या, तेलकट शितोची बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि शेजारणीला हाक मारली, "अगं ए, इकडे ये! घानाहून गाडीचं ऑइल आलंय, बघ!" सगळी ओळ हसली. सेफाकोरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एका थाळीत तिकडचे कसाव्याचे रवाळ आत्तिएके घेतले, त्यावर तळलेला मासा आणि चमचाभर शितो घातली आणि थाळी पुढे सरकवली. मासांजेबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. मग बोटाने थाळी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "मावशी, चव झकास आहे. पण दिसायला जळल्यासारखी आहे. आणि एवढी मोठी काचेची बरणी इथं कोण घेणार? माझी गिऱ्हाइकं रोजची कमाई हातात घेऊन येतात, रोजच्यापुरतं नेतात."

पुढचे दिवस सेफाकोरबाई त्याच दुकानात बसून होत्या. कोण काय विकत घेते, काय हातात घेऊन परत ठेवते, मालावर काय लिहिलेले वाचते, हे त्या पाहत होत्या. आरोग्य खात्याच्या दारात जाऊन त्यांनी चौकशी केली. सीमेवरच्या नाक्यावर ट्रकचालकांबरोबर चहा पीत त्यांची गाऱ्हाणी ऐकली. जाताना आणि येताना दोन्ही वेळा.

२. परत आल्यावर त्यांनी आपल्या कक्षास जो अहवाल दिला, त्याचा सारांश त्यांनी आम्हालाही शेडमध्ये बसून सांगितला होता. चटणी खपेल, पण आत्ता नाही. ती जरा कमी काळी करावी लागेल. लहान पुड्या कराव्या लागतील. लेबल फ्रेंचमध्ये हवे. नमुना तिकडे तपासून दाखला घ्यावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. तोवर एक बरणीही सीमेपार पाठवू नये. यात न समजण्यासारखे काय होते?

त्यानंतर आपण बाईंना कार्यालयात बोलावलेत. त्या खोलीत आमच्यापैकी कोणी नव्हते, पण बाईंनी घरी येऊन जे सांगितले ते असे. आपण उठून उभे राहिलात, खुर्ची दिलीत, थंड पाणी मागवलेत, आणि मग म्हणालात, "मॅडम, 'आत्ता नको' असा निष्कर्ष घेऊन मी वर कसा जाऊ? मार्चमध्ये कार्यक्रम ठरलाय. पाहुणे ठरलेत. शेवटचं पान तेवढं जरा सकारात्मक करून द्या ना."

बाई म्हणाल्या, "ओकाई, शाळेतही तू आधी उत्तर लिहायचास आणि मग गणित करायचास."

आपण हसलात. बाईंना वाटले, विषय संपला.

३. मार्चमध्ये बाई केटाला गेल्या होत्या. त्यांची थोरली बहीण वारली होती. अंत्यविधी, त्यानंतरची चर्चमधली प्रार्थना, घरातली आवराआवर, यात त्या अडकल्या. नेमक्या त्याच दिवसांत आपली माणसे किनाऱ्यावर आली. त्यांच्या हातात छापील अहवाल होता, वर बाईंचा फोटो आणि शेवटी बाईंची सही. आत लिहिले होते : "शेजारी देशातील व्यापारी वातावरण सर्वार्थाने अनुकूल. ग्राहक उत्सुक. भाषेचा विशेष अडसर नाही. माल त्वरित पाठवावा." आपल्या माणसांनी सांगितले, "बाईंनी पुन्हा विचार केला. परवानग्यांचं आम्ही बघतो."

बाईंचा फोन लागत नव्हता. सही बाईंचीच दिसत होती. आम्ही माल भरला.

त्या दिवशीचा मांडव आपणास आठवत असेल. बँड होता. प्रमुख पाहुण्यांनी बरणी उंच धरून फोटो काढला आणि चव न घेताच ती खाली ठेवली. आपण निशाण दाखवलेत. ट्रक निघाला तेव्हा आमच्या आशोर्कोर टेटेबाई नाचल्या. त्यांचा नवरा समुद्रात गेला तो परतला नाही. त्या हंगामातली त्यांची सगळी मासळी आणि सगळा जवळा त्या बरण्यांत होता.

४. ट्रक सीमेवर अडला. चालकाला फ्रेंच येत नव्हते आणि तपासनिसाला इंग्रजी. लेबल इंग्रजीत, दाखला नाही, आणि परवानगी म्हणून आपण दिलेला कागद म्हणजे कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका निघाली. आम्ही थट्टा करीत नाही. त्या पत्रिकेवर सोनेरी कडा आहे आणि राजचिन्ह आहे, म्हणून चालकाला ती परवानगी वाटली.

उन्हात ट्रक उभा राहिला. चालक आपल्या कक्षास फोन करीत होता आणि कक्ष म्हणत होता, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तेल सुटले, झाकणे उडाली, खोकी चिकट झाली, माश्या आल्या. शेवटी तिकडच्या लोकांनी खड्डा खणला, माल त्यात ओतला आणि वर चुना टाकला. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी त्यांचा नियम पाळला. तोच नियम बाईंनी आपल्याला लिहून दिला होता.

५. आता जे लिहितो ते आपण सावकाश वाचावे.

बाई केटाहून परतल्या त्या दिवशी आशोर्कोरबाई त्यांच्या दारात गेल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या! आम्हाला खड्ड्यात घालायलाच सही करायला शिकल्या होतात का?" बाईंना काय झाले हेच ठाऊक नव्हते. कळल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मी हे लिहिलेलं नाही." कोणी विश्वास ठेवला नाही. आपल्या कक्षाने वर्तमानपत्रात निवेदन दिले की पाहणीत त्रुटी राहिल्या. मग तर बायका बाईंच्या हातचा पाण्याचा पेलाही घेईनात. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसेना. बाईंनी घराबाहेर पडणे बंद केले. उभ्या आयुष्यात ज्या बाईंनी एका मुलाचा एक गुण चुकूनही कापला नाही, त्यांना बायका खोटारडी म्हणत होत्या आणि खरा खोटारडा त्या वेळी वातानुकूलित खोलीत बसला होता. महोदय, हे वाक्य खोडावे असे आमच्यातल्या काहींचे मत पडले. बहुमताने ते ठेवले आहे.

६. जूनमध्ये मासांजेबाई स्वतः चोर्कोरला आल्या. न कळवता. आम्ही चटणी कशी करतो, हात धुतो की नाही, मासळी कुठून येते, आमचा शब्द किती पक्का, हे सगळे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांनी सेफाकोरबाईंचे घर विचारले. तर आशोर्कोरबाई फणकारल्या, "त्या फसवीकडं काय काम?"

सेफाकोरबाई बाहेर आल्या आणि त्यांनीच त्या बोलण्याचा अर्थ पाहुणीला फ्रेंचमध्ये सांगितला. एक शब्दही सौम्य न करता. ऐकून मासांजेबाई जागच्या जागी थांबल्या. म्हणाल्या, "ही? हिनं माझ्या दुकानात बसून मला बजावलं होतं की दाखला मिळेपर्यंत तुमची एक बरणी आली तरी घेऊ नको, परत पाठव. मी म्हटलं, दोन पेट्या गुपचूप धाड, तर माझ्यावरच डोळे वटारले! तो ट्रक कुठल्या शहाण्यानं पाठवला?"

हे मात्र सेफाकोरबाई सांगेनात. स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडायला त्या तयार नव्हत्या. आमच्या गल्लीत लोमेहून आलेली एक शिंपीण आहे, तिला फ्रेंच येते; तिने सांगितले.

आशोर्कोरबाई आत निघून गेल्या. संध्याकाळी त्या मक्याच्या केंकेचे गोळे आणि तळलेला मासा घेऊन बाईंच्या पायरीवर जाऊन बसल्या. बाई एक घास खाऊन म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." आशोर्कोरबाई रडत रडत म्हणाल्या, "मग वरून घ्या की." दोघी जेवल्या.

७. मासांजेबाईंना आपली भेट हवी होती. बाई त्यांना घेऊन कक्षात आल्या. आपण त्या वेळी 'परदेशी खरेदीदारांशी सुसंवाद' या विषयावरच्या शिबिराला गेला होतात. आपल्या लिपिकाने समोर बसलेल्या परदेशी खरेदीदारीणबाईंना सांगितले की उद्या या. त्या उद्या आल्या. परवा या म्हणाला. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. बसच्या थांब्यावर आम्हाला म्हणाल्या, "मीसुद्धा तुमच्या देशात धंदा करता येईल का, हेच बघायला आले होते. बायका पास. चटणी पास. ऑफिस नापास. यापुढं मी तुमच्याशी बोलीन, त्यांच्याशी नाही."

८. आणि यावर आपले पत्र येते 'अपयशातून शिकूया'! त्यात बाईंनी कक्षाच्या नव्या शिबिरात येऊन स्वतःच्या चुका प्रांजळपणे मांडाव्यात, असे सुचवले आहे. वर आपल्या नेतृत्वाखाली पथक आबिजानला जाणार, आणि ते आमच्या संघाच्या हितासाठी! आमचे हित आपल्या हाती एकदा दिले होते. त्यावर चुना पडला आहे.

तरी विनंती, आणि ती विनंती म्हणून शेवटचीच, अशी की : सदर अहवाल मागे घ्यावा. ती सही बाईंनी केलेली नव्हती आणि तो निष्कर्ष बाईंचा नव्हता, हे ज्या वर्तमानपत्रात बाईंना दोषी ठरवले त्याच वर्तमानपत्रात तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे. आणि आपण स्वतः किनाऱ्यावर येऊन आशोर्कोर टेटेबाईंसमोर ते तोंडाने सांगावे. गाडी दूर उभी करून चालत यावे. आपल्याला कोणी हात लावणार नाही, याची हमी बाईंनी दिली आहे. आम्ही दिलेली नाही.

आपल्या पथकाने आमच्या नावावर कोठेही जाऊ नये.

आपल्या माहितीसाठी : नव्या चटणीचा नमुना मासांजेबाईंमार्फत तपासला गेला असून दाखला आला आहे. पुढील मंगळवारी पहिली खेप लहान पुड्यांत जाईल. सेफाकोरबाई ट्रकमध्ये पुढे बसणार आहेत आणि या वेळी आशोर्कोरबाईही सोबत आहेत. त्या आजवर कधी देशाबाहेर गेलेल्या नाहीत, म्हणून त्यांनी नवे कापड शिवून घेतले आहे. त्या पहाटे आम्ही सर्वजणी त्यांना पोहोचवायला जमणार आहोत. आपण येऊ नये.

येथवर नम्र राहिलेली,

आमर्ले सोवा
अध्यक्षा, संघातील सर्व सभासदांच्या वतीने
चोर्कोर, अक्रा
दि. २ सप्टेंबर २०१९

सोबत : १) आरोग्य दाखल्याची प्रत. २) शितोची एक लहान पुडी, फ्रेंच लेबलासह. ती लाच नाही, पुरावा आहे. ३) आपली सोनेरी कडेची निमंत्रणपत्रिका, सीमेवरून परत आलेली. तिच्यावरील तेलाचे डाग आमच्या मालाचे आहेत.