सदस्य भिमाबाई

५ मे १९८१, चांदवड
आज कामाला सुरुवात. एम.ए.ला लोकप्रशासन घेतलं तेव्हा वाटलं नव्हतं, विद्यापीठ उन्हाळ्यात असं पंचायत समितीत शिकायला धाडेल. निघताना सर म्हणाले, "अनसूया, फक्त पाहायचं. कारभारात तोंड घालायचं नाही." बरं. पाहते.

७ मे
ग्रामसेवकांबरोबर आतल्या एका गावात गेले. तिथल्या ग्रामपंचायतीत एक बाई सदस्य आहेत — भिमाबाई, आपल्याच समाजाच्या, बौद्ध वस्तीतल्या. अजून एकाही सभेला आलेल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर सरपंच हसले. "बाईमाणसाला कशाला तरास? सभा झाली का शिपाई घरी जाऊन अंगठा घेऊन येतो."
हे पुस्तकात नव्हतं.

८ मे
भिमाबाई कांदे निवडत होत्या. मी नाशिकरोडची, वडील छापखान्यात कामाला, असं सांगितल्यावर सरकून जागा केली. सभेचं विचारलं.
"मला कोन बोलवतं? अन् जाऊन काय बोलू?"
"तुम्हाला काय हवंय, मावशी?"
हात थांबले. वस्तीवर दिवा नाही. बायकांना अंधारातच बाहेर जावं लागतं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला पान लागलं. साप दिसलाच नाही. वाचली नाही ती.
"गावात खांब हायत. आमच्याकडं एक बी नाय."
मीही कांदे निवडत बसले.

११ मे
परत गेले. एवढंच सांगितलं — सदस्याला सभेत बसायचा हक्क आहे, बोलायचाही. परवा सभा आहे.
तोंड घातलं का? घातलं.
"तू असशील ना, पोरी?"
"असेन. पण बोलायचं तुम्हालाच."

१३ मे
आजचं सगळं लिहिणारच.
कांद्याच्या गडबडीत चारच सदस्य आले. कोरमला पाच लागतात. सरपंचांना चावडीच्या दुरुस्तीचा ठराव आजच हवा होता. नेहमीप्रमाणे शिपाई अंगठा आणायला उठला. ग्रामसेवकांनी कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, नि हळूच म्हणाले, "आज नको. बाईंनाच बोलवा."
बोलवायची गरज नव्हती. भिमाबाई दारात उभ्या — धुवट लुगडं, डोक्यावर पदर. गोटीराम म्हणून एक सदस्य आहेत, त्यांनी खालची सतरंजी दाखवली. मावशी रिकाम्या खुर्चीवर बसल्या.
सरपंच ठराव वाचायला लागले.
"आधी दिव्याचं घ्या." मावशी खुर्चीतूनच म्हणाल्या.
"ते पुढल्या टायमाला बघू."
"मंग मी बी पुढल्या टायमाला येते." आणि उठल्या.
त्या गेल्या की सभाच गेली. सरपंचांनी कपाळ पुसलं, ग्रामसेवकांकडे वळले. "बसा, बसा. लिहा हो भाऊसाहेब — वस्तीवर एक खांब."
"दोन," मावशी म्हणाल्या.
दोन लिहिले!
बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या. सुनेचं नाव घेऊन रडल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे पाहून हसल्या — दोघीही हसत सुटलो.

१४ मे
सरांना कळलं तर गुण जातील. जाऊ देत.

२० जून
वस्तीवर दिवे लागले. बायका घराबाहेर येऊन नुसत्या उभ्या होत्या. एका म्हातारीने खांबाला हळद-कुंकू लावायला घेतलं, तर मावशी म्हणाल्या, "देव न्हाय तो. आपल्या हक्काचा हाय."
उद्या मी नाशिकला. इतकी खूश मी एम.ए.ला जागा मिळाली तेव्हाही नव्हते.

४ ऑक्टोबर, नाशिकरोड
भिमाबाई घरी आल्या. एकट्या, एसटीने. जुन्या सरपंचांवर अविश्वास ठराव झाला, नव्या नावावर गावातल्या दोन्ही गटांचं जुळेना, शेवटी कुठल्याच गटात नसलेलं नाव निघालं. चहा घेता घेता म्हणाल्या, "तुझ्या सरांना सांग — पुढल्या साली पोरं माझ्याकडं शिकायला धाडा. सरपंच मी हाय."