बाविसावा पट्टा

१९ जाने., सोम. नोएडा
धुकं. फिरणं रद्द.
सायलीच्या शाळेत बारावीचा निरोप ३१ ला. मी फेअरवेल म्हटलं तर नात हसली. "आजोबा, यंदापासून प्रॉम म्हणायचं." बँक्वेट हॉल, साडी, नाच, जेवण. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि हे कशाला?
"अकरावीवाले प्रत्येकाला टायटल देतात. पट्ट्यावर लिहून, स्टेजवर बोलावून अंगावर घालतात. इतक्या वर्षांत आपण सगळ्यांना कोण वाटलो, ते त्या दिवशी कळतं. यार, त्यासाठीच तर जायचं!"
गेल्या वर्षीच्या त्या प्रकारानंतर पोर पहिल्यांदाच एवढं बोलली.

२१ जाने., बुध.
चौथ्या मजल्यावरची इशिता आली, अकरावीतली. "दादाजी, आपकी राइटिंग तो बिल्कुल बोर्ड जैसी है." साटीनचे बावीस पट्टे आणि यादी. दुकानांच्या पाट्या बघत बघत अक्षर शिकलो, ऑफिसात साहेबांच्या दारावरची नावं मीच रंगवायचो. आता कोण विचारतं? लगेच हो म्हटलं. अट एकच, सायलीला कळता कामा नये.

२३ जाने., शुक्र.
नऊ झाले. 'चलती-फिरती डिक्शनरी'. 'लेट लतीफ'. कबीर म्हणून एक मुलगा आहे, त्याला 'पानी की टंकी'. जाडा असणार. हसू आलं. ट झकास जमला.

२६ जाने., सोम.
एकवीस झाले, इशिता घेऊन गेली. कोराही नेला. बाविसावं नाव सायलीचं, पुढे टायटलच नाही. लिफ्टपाशी विचारलं.
"दीदी का हम खुद लिखेंगे, दादाजी. सरप्राइज़ है."
बरोबरची मैत्रीण फिस्सकन हसली. इशिता नाही हसली. मजल्यांचे आकडे बघत राहिली.
गेल्या वर्षी प्रार्थनेच्या रांगेत सायली चक्कर येऊन पडली, कपडे ओले झाले. कुणीतरी मोबाइलवर घेतलं. दोन महिने शाळेचं नाव काढलं नव्हतं पोरीने.

२८ जाने., बुध.
जिने चढून चौथ्यावर गेलो. म्हटलं, तो पट्टा दे, मी लिहितो, 'हमारी सायली'.
"वोटिंग हो गई, दादाजी. मज़ाक है, सब हँसेंगे. कबीर भैया वाला भी तो आपने ही लिखा था."
तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, मग तो तरी परत दे. पट्टे हॉलवर गेले म्हणे.
त्या पोराच्या घरीही कुणीतरी आज कोटाला इस्त्री करत असेल.

३० जाने., शुक्र.
सायली उंच टाचांच्या सँडल घालून घरभर चालतेय. सूनबाई पदर मोजून देतेय. दोघी खिदळतायत. सांगितलं तर हे हसू मीच मोडणार. नाही सांगितलं तर
जेवण गेलं नाही.

३१ जाने., शनि.
दु. ३. निळी साडी. किती मोठी दिसते! सूनबाई आत गेल्यावर सांगून टाकलं. सगळं.
ती खांद्यावर पिन लावत होती. हात थांबला नाही. "माहीत होतं, आजोबा. काय लिहिणार, तेही."
"मग नको ना जाऊस, बाळा."
"नाही गेले तर तेच माझं नाव राहील." मग वळून, "कबीरचा तुम्ही लिहिलात?"
"हो."
तिने माझा जाडा ब्रश आणि काळ्या रंगाची बाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. काय करणार आहेस, विचारलं.
"झाकण घट्ट आहे ना?" एवढंच.

सं. ५.४०. बाहेर पुन्हा धुकं. सायलीचा फोन वाजतो, उचलत नाही.
आत्ता सूनबाईला इशिताच्या आईचा फोन. "अच्छा... अच्छा..." म्हणता म्हणता सूनबाई खाली बसली. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमचा ब्रश घेऊन सायलीने स्टेजवर कबीरचा पट्टा काळा केला, मग स्वतःचा."
बूट घालतोय. नखांतला काळा रंग अजून गेलेला नाही.