वंदना ओळ मध्येच तोडते

८ नोव्हेंबर
संध्याकाळी सुनेवर उगाच चिडलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला वाचायची मनाई (हे चोरून, मोठ्या अक्षरात लिहितोय), म्हणून वंदना कामावरून आली की माझ्या जुन्या शाळेच्या पुस्तकातली एक कविता वाचून दाखवते. आज नदीची होती. ही बाई प्रत्येक ओळ मध्येच तोडत होती. म्हटलं, "अगं, श्वास ओळीच्या शेवटी घ्यायचा. आमचे गुरुजी बाकावर रूळ आपटायचे."
ती म्हणाली, "नाना, तुमचे गुरुजी तीन मजले चढून येत नव्हते."
खरंय. आमच्या शाळेला जिनाच नव्हता. सारवलेली पडवी, समोर चिंच, आणि चाळीस पोरं एका सुरात...

९ नोव्हें., रविवार
आज सुट्टी. वंदना घराबाहेर पडलीच नाही. तरी पाचव्या शब्दाला थांबली. मी डोळे मिटून मोजत होतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीत हीच कविता पोळ्या लाटताना म्हणायची, दोन ओळी एका दमात.
काल चिडलो त्याची लाज वाटली.

१३ नोव्हें.
लक्ष ठेवतोय. दुसऱ्या मजल्यावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेते. पिशवीत एक कोथिंबिरीची जुडी. दोन उशांच्या तीन झाल्या. आडवी झाली की खोकते, उठून बसली की थांबतो. पाय सुजलेले, मोज्याचा वळ खोल.
सासऱ्याने सुनेचे पाय न्याहाळू नयेत. मान्य. म्हणूनच कुणाला बोलता येत नाही, इथे लिहितो. तिची सासू असती तर तिच्या तोंडून वदवलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली.

१६ नोव्हें.
प्रकाशला सांगितलंच. पोरगा माझा, खडोलीला सुपरवायझर. वंदना त्याच कंपनीत पॅकिंगला.
"वीकनेस आहे, नाना. चौकातल्या डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्यात."
"आणि खोकला?"
"धाग्याची धूळ. सगळ्या पॅकिंगला खोकला आहे."
"सगळं पॅकिंग बसून झोपतं का?"
साहेब मोबाइलमध्ये. शेजारच्या सरलाबेन दारातूनच त्याच्या बाजूने, "काका, बैरांने एवुं तो रहे." बायकांना असं असतंच म्हणे.
तेवीस वर्षं यार्नच्या मशीनवर काढली मी. आवाज बदलला की सुपरवायझरला विचारत बसलो नाही. आधी बटण दाबायचो, मग शिव्या खायचो.

१९ नोव्हें.
आज कविता बाजूला ठेवून सरळ विचारलं. लहानपणी काही मोठं दुखणं?
तिने पुस्तक मिटलं. मग बोलली. पाचवीत घसा धरला, ताप आला. आधी गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग कोपर. तीन महिने शाळा नाही. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, हृदयावर जाऊ शकतं हे. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. लग्न ठरलं तेव्हा आईने बंद केलं.
"नाना, ह्यांना सांगू नका. म्हणतील, फसवून दिली. माहेरी पाठवतील."
म्हटलं, "हार्टवाल्याकडे जाऊ."
"नाही."
"का?"
"नाही म्हटलं ना."
म्हणजे बारा वर्षं ही बाई या घरात श्वास लपवून राहिली. आणि मी तिला यती, ओळीतला विराम, शिकवत होतो.

२३ नोव्हें.
हृदयाचे डॉक्टर दर गुरुवारी वापीहून इथल्या दवाखान्यात येतात. नंबर लावला. माझ्या नावाने.

२७ नोव्हें., गुरुवार
आज खोटं बोललो, आणि झकास बोललो. प्र. फर्स्ट शिफ्टला गेल्यावर छातीवर हात धरून खुर्चीत बसलो. वंदनाचा रंगच उडाला. ड्युटी सोडली, रिक्षा आणली, आमलीतल्या सगळ्या खड्ड्यांत मला धरून बसली. वाईट वाटलं. पण उतरलो नाही.
डॉक्टर तरुण. "काका, कुठे दुखतंय?"
"इथे."
"ती उजवी बाजू आहे."
"असू द्या. मला काही झालेलं नाही. हिला तपासा." आणि सगळं सांगून टाकलं, उशा, पाय, पाचवीतला ताप. वंदना नुसती "नाना! नाना!"
त्याने तिला डाव्या कुशीवर झोपवून फार वेळ ऐकलं. कविता ऐकावी तसं. मग ईसीजी, मग सोनोग्राफीसारखं एक मशीन लावून हृदय पडद्यावर. एक झडप अरुंद झालीय. त्याच जुन्या तापाने. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं, म्हणून दम. फुगा घालून झडप उघडता येईल असं वाटतंय, वापीला आणखी तपासून ठरवतील. तोवर गोळ्या, आणि ते इंजेक्शन पुन्हा सुरू.
मग माझ्याकडे वळला. "काका, उद्या तुमच्या छातीत खरंच दडपण आलं, घाम फुटला, हात-जबडा दुखायला लागला, तर गुरुवारची वाट बघायची नाही. तेव्हाच्या तेव्हा इमर्जन्सीत." आणि आम्हा दोघांना, "चालताना दम, धडधड, चक्कर, पाय सुजणं, सपाट झोपता न येणं, याला वीकनेस म्हणून घरी बसायचं नाही. एकदा हृदय तपासून घ्यायचं."
घराच्या खाली उतरल्यावर म्हणाली, "तुम्ही मला फसवलंत."
"हो."

२८ नोव्हें.
व्हायचं ते झालं. प्र.ने रिपोर्ट वाचला. "लग्नाआधीचं आहे हे. लपवलं त्यांनी. तिच्या भावाला फोन करतो, घेऊन जाऊ दे. त्यांनीच बघावं."
वंदना ओट्याशी उभी. कणीक मळत होती, मळतच राहिली.
म्हटलं, "ती इथून हलणार नाही. घर माझं आहे. तुला तिच्या भावाकडे जायचं तर तू जा."
"नाना, तुम्हाला कविता कळतात, व्यवहार कळत नाही."
"कवितेनेच कळलं. तू तिच्याशेजारी झोपतोस, तुला नाही कळलं."
जेवण झालं नाही कुणाचं. माझा आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

४ डिसेंबर
गोळ्यांनी पायांची सूज ओसरतेय. उशी एक कमी. प्र. तिच्याशी बोलत नाही, ताट घेऊन टीव्हीसमोर. काल खानवेलकडून कसल्यातरी मुळीची पूड आणली, हृदयावर रामबाण म्हणे. टेबलावर ठेवून गेला. पूड कुंडीत ओतली. झाड अजून जिवंत आहे.
पण आणली, हेही लिहून ठेवतो.

५ डिसें.
दुपारी दमणगंगेच्या पुलापर्यंत हळूहळू गेलो. शाळेत वाटायचं, सगळ्या नद्या कवितेतल्या नदीसारख्याच असणार. ही तशी नाही. तरी उभा राहिलो. गुरुजी म्हणायचे, पाठ केलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही. श्वास काढून घेतला तर, गुरुजी?

९ डिसें.
वापीला तपासण्या झाल्या. फुग्याने जमेल म्हणाले. धोका अगदीच नाही असं नाही, तेही सांगितलं, तिच्यादेखत. पंधरा तारीख दिली.
प्र. म्हणाला, "माझी सही लागेल. मी करणार नाही. उद्या काही झालं तर तिच्या माहेरचे माझ्या डोक्यावर बसतील."
घाबरलाय. एवढा मोठा गडी. पण घाबरणाऱ्याचं ऐकून तिला बसून झोपू देणार नाही.
वंदनाला विचारलं, "तुझं काय?" म्हणाली, "बॅग भरलीय."

१५ डिसें., वापी
बाकावर बसून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं.
काउंटरवरच्या माणसाने विचारलं, नवरा कुठे, "हजबंड क्यां छे?" मी पुढे झालो, "मी सासरा, मी करतो सही." तो माणूस मान हलवायला लागला. तेवढ्यात आतून सिस्टर आली. केरळची असावी, हिंदीत म्हणाली, "पेशंट बालिग है, होश में है. खुद साइन करेगी. घर वाले का बाद में देखेंगे."
वंदनाने कागद ओढून घेतला. सगळा वाचला, प्रत्येक पान. एका शब्दापाशी बोट ठेवून सिस्टरला अर्थ विचारला. मग पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, ठळक. पेन परत देताना माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं. मी रडत होतो.
आत नेलं, पाऊण तास झाला.
प्र.चा फोन आला.
"नेलं आत?"
"नेलं."
"सही कोणी केली?"
"तिने."
पलीकडे मशिनींचा आवाज. त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवलेला नाही.